एका दिवसात बोरोबुदूर, आणि ‘बरं दिसेल का?’

पत्राचा सारांश

सांगली जिल्ह्यातल्या एका निवृत्त शिक्षिकेचं पत्र आहे. वय ६३. ३१ वर्षं शाळेत इतिहास शिकवला. यजमान चार वर्षांपूर्वी गेले. पुण्याचे मुलगी-जावई येत्या मे महिन्यात नऊ वर्षांच्या नातवाला घेऊन आठ दिवस बालीला चाललेत आणि यांनाही नेतायत. बाईंनी वर्गाच्या भिंतीवर वर्षानुवर्षं बोरोबुदूर या इंडोनेशियातल्या प्राचीन बौद्ध स्तूपाचं एक कृष्णधवल चित्र लावलं होतं. ते ठाऊक असल्याने जावयांनी त्यासाठी एक दिवस राखलाय. सकाळी बालीहून विमानाने जावा बेटावरच्या योग्याकार्ताला जायचं, बोरोबुदूर आणि प्रंबाननची प्राचीन हिंदू मंदिरं, दोन्ही बघायचं, रात्री परत यायचं. बाई ‘तुम्हाला जमेल तसं करा’ म्हणाल्या, पण त्यांचं मन लागत नाही. त्यांना तिथली जुनी शहरंही बघायची आहेत. एक निवृत्त सहकारी मैत्रीण बरोबर यायला तयार आहे, पण दोघींचाही हा पहिलाच परदेश प्रवास. गुडघे कुरकुरतात, खाणं शाकाहारी. त्यात दीर म्हणाले, “तिथे आता सगळे मुसलमान. आपल्या संस्कृतीची पडकी देवळं बघून जिवाला त्रास मात्र होईल.” बाई विचारतात: मुलं एवढं करतायत, त्यात आणखी मागणं बरं दिसेल का? की एका दिवसावर समाधान मानू?

उत्तर

नमस्कार बाई,

तुम्ही शिक्षिका, म्हणून बाईच म्हणते. तुमच्या मूळ पत्रात ‘बरं दिसेल का’ चार वेळा आलंय आणि ‘बोरोबुदूर’ दोनदा. मी मोजलं. तेव्हा बोलायचं आहे ते या दोन्हींबद्दल, पण आधी त्या एका दिवसाचा हिशेब करू.

बाली ते योग्याकार्ता विमानाने साधारण दीड तास. तिथला नवा विमानतळ शहरात नाही, पश्चिमेला ४० किलोमीटरवर समुद्राकाठी आहे. तिथून बोरोबुदूर दीड तास. बोरोबुदूर शहराच्या वायव्येला आणि प्रंबानन पूर्वेला, म्हणजे शहर ओलांडून आणखी दीड तास. तिथून पुन्हा विमानतळ, संध्याकाळच्या गर्दीत दोन तास. पाच तास गाडीत, तीन तास विमानात, रांगा वेगळ्याच. वर जावा आणि बालीच्या घड्याळांत एका तासाचा फरक. जाताना तो तास मिळतो आणि येताना जातो, नेमका रात्री, गुडघे बोलायला लागतात तेव्हा.

हे मी स्वतः करून बसले आहे. पहिल्यांदा एका यात्रा कंपनीबरोबर गेले तेव्हा दोन्ही ठिकाणं एका दिवसात ‘झाली’. त्या दिवसातलं आज मला ठळक आठवतं ते पुढच्या सीटच्या पाठीवर चिकटवलेलं छत्र्यांच्या दुकानाचं स्टिकर. दुसऱ्यांदा गेले ती राहायला, आणि पुढे जे सांगते आहे ते त्या दुसऱ्या खेपेतलं.

जावयांचा यात काही दोष नाही. त्यांनी ‘बोरोबुदूर’ ऐकलं आणि वेळापत्रकात बसवलं. तुम्हाला शहरं बघायची आहेत हे त्यांना कळणार कसं? तुम्ही तर ‘जमेल तसं करा’ म्हणालात. आपल्या पिढीच्या बायकांची ही जुनी खोड आहे. मागायचं नाही, समोरच्याने ओळखावं अशी आशा धरायची, आणि त्याने अर्धं ओळखलं की मनातल्या मनात हिरमुसायचं. नकार त्यांनी दिलेलाच नाही, कारण तुमची मागणीच त्यांच्या कानावर गेलेली नाही.

आता दीरांचं बोलणं. त्यावर जरा थांबते, कारण तुमच्या जाण्याची तऱ्हा त्यावरच ठरणार आहे.

तुम्ही इतिहासाच्या शिक्षिका आहात, म्हणून आधी सनावळी. बोरोबुदूर आणि प्रंबानन साधारण आठव्या-नवव्या शतकातली. दहाव्या शतकात जावाचं राज्यकेंद्र बेटाच्या पूर्वेकडे सरकलं आणि ही बांधकामं मागे पडली. बेटावर इस्लामचा जम बसला तो त्यानंतर काही शतकांनी. पडझड केली ती भूकंपांनी, ज्वालामुखीच्या राखेने आणि झाडांच्या मुळांनी, मग दगड उचलून नेणाऱ्यांनी. १८९६ मध्ये तर तेव्हाच्या डच सरकारने सयामच्या (आजच्या थायलंडच्या) राजाला बोरोबुदूरची शिल्पं आठ गाड्या भरून भेट दिली. १९८५ मध्ये काही माथेफिरूंनी स्फोट घडवून नऊ स्तूपांची नासधूस केली, हेही खरं. पण ते स्तूप पुन्हा उभे केले तिथल्याच लोकांनी. सत्तरच्या दशकातला बोरोबुदूरचा मोठा जीर्णोद्धार युनेस्कोच्या मदतीने झाला तो इंडोनेशियाच्याच सरकारने हाती घेतलेला. प्रंबाननचं ४७ मीटर उंच शिवमंदिर दगडाला दगड जुळवत १९५३ मध्ये पुरं झालं, तेही स्वतंत्र इंडोनेशियात.

दुसरी गोष्ट ‘आपल्या संस्कृती’ची. त्या शब्दाला मी हलकेच धक्का देणार आहे, रागावू नका. तिथलं महाभारत आपल्याकडून गेलं हे खरं, पण तिथे ते हजार वर्षं राहिलंय, वाढलंय, त्याला तिथली मुलंबाळं झालीत. तिथली द्रौपदी पाच जणांची नाही, एकट्या धर्मराजाची बायको. शिखंडीची तिथे श्रीकांडी झाली, धनुर्धर स्त्री, अर्जुनाची पत्नी. पांडवांच्या दिमतीला सेमार आणि त्याची पोरं गारेंग, पेत्रुक, बागोंग असतात. त्यांचा व्यासांना पत्ताही नाही. सेमार दिसायला बेढब विदूषक, पण मुळात देव. तिथल्या बाहुल्यांच्या खेळात मध्यरात्रीनंतर ही मंडळी पडद्यावर आली की खेळ हस्तिनापुरातून थेट आजच्या गावच्या रस्त्यावर येतो, तमाशातला सोंगाड्या आणतो तसा. आणि धर्मराजाजवळ जी पवित्र वस्तू असते, ‘कालिमासादा’, तिचा अर्थ कित्येक जावानी लोक इस्लामचा कलमा असा लावतात.

हे चालतं रेड्याच्या कातड्याच्या बाहुल्यांनी, दिव्यासमोर पडदा धरून. त्याला वायांग कुलित म्हणतात. रात्री सुरू झालेला खेळ पहाटेपर्यंत चालतो, आणि सगळ्या बाहुल्या, सगळे आवाज एकटा दालांग, म्हणजे बाहुल्या नाचवणारा, सांभाळतो. कुडाळजवळच्या पिंगुळीला ठाकर मंडळींच्या चामड्याच्या बाहुल्या तुम्ही पाहिल्या असतील तर हे अंगावर काटा येईल इतकं ओळखीचं वाटेल. पाहिल्या नसतील तर जावाला जाण्याआधी पिंगुळीला जाऊन या, सांगलीहून एका दिवसाचं काम आहे. पिंगुळीत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी घरं ही कला धरून आहेत. जावात योग्याकार्ता शहराच्या संग्रहालयातही आठवड्याच्या बहुतेक रात्री खेळ लागतो. जीर्ण कुठे झालंय आणि जिवंत कुठे आहे, हे दीरांना परत आल्यावर सांगा. किंवा नका सांगू.

तेव्हा तिथे आपलं काय उरलंय ते तपासायला जाऊ नका. तपासणीला गेलेला माणूस यादी घेऊन जातो, आणि यादीत नसलेलं त्याला दिसत नाही. पाहुणी म्हणून जा. पण पाहुणीने चार रात्री तरी राहायला हवं, आणि राहायचं ते शहरात.

कारण शहरं खरंच राहण्याजोगी आहेत. योग्याकार्ता या नावाचं मूळ अयोध्येत सांगतात, तिथले लोक मात्र लाडाने ‘जोग्जा’ म्हणतात. शहराचा जन्म एका वाटणीतून झाला. मातारामचं जुनं राज्य चुलत्या-पुतण्याच्या भांडणात दुभंगलं. १७५५ मध्ये डच कंपनीच्या मध्यस्थीने तह झाला, पुतण्याकडे सुराकार्ता म्हणजे आजचं सोलो राहिलं आणि चुलत्याने ६० किलोमीटरवर योग्याकार्ता वसवलं. पेशवाई शिकवणाऱ्या बाईंना चुलते-पुतणे आणि मधली कंपनी हे प्रकरण समजावून सांगायला नको. जोग्जाचे सुलतान हामेंगकु बुवोनो, म्हणजे भुवनाला मांडीवर घेऊन सांभाळणारे. सोलोचे पाकु बुवोनो, म्हणजे भुवनाचा खिळा. त्या ‘बुवोनो’त आपलं भुवन ऐकू येतं की नाही?

सुलतान आजही आहेत, आणि निवडणुकीशिवाय त्या प्रांताचे राज्यपालही आहेत. नव्या प्रजासत्ताकाची राजधानी १९४६ ते १९४९ जोग्जाला होती आणि सुलतान त्याच्या पाठीशी उभे राहिले, त्याचा हा मान. उत्तरेला मेरापी ज्वालामुखी, दक्षिणेला समुद्र, आणि दोहोंना जोडणाऱ्या रेषेवर बरोबर मधे राजवाडा, अशी शहराची मांडणी आहे. २०२३ पासून ही रेषा जागतिक वारशात आहे. मुसलमान सुलतानांकडून दरवर्षी दक्षिण समुद्राच्या राणीला किनाऱ्यावर वस्त्रं आणि इतर वस्तू वाहिल्या जातात. हे कुठल्या धर्मात बसतं, असं मी तिथल्या एका गाडीवाल्याला विचारलं. त्याच्या स्वतःच्या नावात सूर्य होता आणि शुक्रवारी दुपारी तो मला दोन तास सोडून नमाजाला गेला होता. तो म्हणाला, “जावात बसतं.”

राजवाड्याला क्रातोन म्हणतात. सकाळीच जा, दुपारी लवकर बंद होतो आणि सोमवारी सुट्टी असते. पाहायचं ते मांडवात गामेलान या तिथल्या वाद्यमेळासमोर मांडी घालून बसलेले म्हातारे सेवक. नाममात्र मानधनावर, मान म्हणून येणारे. तिथे तास-दोन तास नुसतं बसता येतं, आणि गुडघ्यांसाठी याहून चांगलं पर्यटन मला माहीत नाही. जवळच तामान सारी हा सुलतानांचा जलमहाल. चांदीच्या कामाचं कोटागेडे थोडं लांब, पण तिथल्या गल्ल्या जुन्या मातारामच्या आहेत.

सोलोला लोकलने जा. तिकीट आपल्या ५० रुपयांच्या आसपास आणि वेळ सव्वा तासाच्या आत-बाहेर. सोलो जोग्जापेक्षा मंद आहे, पर्यटक कमी, आणि मला जास्त आवडतं. तिथे दोन राजवाडे, क्लेवेर हा कापडाचा प्रचंड बाजार, आणि बातिकवाल्यांच्या वाड्यांचं लावेयान. जमलं तर तिथे एक रात्र राहा, कारण श्रीवेदारीच्या नाट्यगृहात माणसांनी केलेलं वायांग संध्याकाळनंतर असतं. भाषा कळणार नाही, पण गोष्ट तुम्हालाच शेजारच्या पर्यटकाला सांगावी लागेल.

आता पर्याय. जावयांचाच एक दिवस घ्यायचा झाला तर दोन्हींतलं एकच ठिकाण घ्या. बोरोबुदूर तुमच्या भिंतीवर होतं, तर बोरोबुदूर, आणि प्रंबानन सोडा. हे वाईट नाही, पण तुम्हाला हवं ते नाही. सगळ्या कुटुंबाने दोन रात्री जावात काढाव्यात, हा दुसरा मार्ग. त्यात चौघांची विमानं, दोन्हीकडची हॉटेलं आणि समुद्राच्या आशेने आलेला नऊ वर्षांचा मुलगा. मी हे सुचवणार नाही. सहलीनंतर मागे राहायचं, तर तोवर तुम्ही दमलेल्या असाल.

माझं मत, मैत्रिणीबरोबर पाच-सहा दिवस आधी निघा. आधी जावा, मग जोग्जाहून विमानाने बाली, आणि तिथे मुलांना गाठा. मुंबईहून जोग्जाला एकदा विमान बदलून जाता येतं. जाताना जोग्जा आणि येताना बाली असं एकाच तिकिटात काढायला सांगा. मैत्रिणीने बालीला यायचं की जोग्जाहून घरी परतायचं, ते तिकीट काढण्याआधी तिच्याशी उघड बोलून ठरवा. जावाचा खर्च तुमच्या पेन्शनमधून करा. त्याने ‘बरं दिसेल का’ची निम्मी धार जाईल. उरलेली निम्मी जाणार नाही, ती घेऊनच जायचं.

या मार्गाची भीती मी नाकारत नाही. पहिला परदेश, वाटेत विमान बदलणं, दोघी साठी ओलांडलेल्या. म्हणून पहिल्या रात्रीची विमानतळापासूनची गाडी हॉटेलकडूनच ठरवा, आणि दोन दिवसांसाठी इंग्रजी बोलणारा चालक घ्या. प्रवास विमा काढा आणि त्यात आधीच्या दुखण्यांचा उल्लेख लपवू नका. भारतीय पासपोर्टवर तिथे पोचल्यावर ३० दिवसांचा व्हिसा मिळतो. फी ५ लाख रुपिया, म्हणजे आपले अडीच-पावणेतीन हजार. तिथल्या शून्यांना पहिले दोन दिवस सगळेच दचकतात. निघण्याआधी नियम पुन्हा बघायला लेकीला सांगा, तिलाही काही काम द्या. मे महिना चांगला, पाऊस सरलेला असतो. बुद्धपौर्णिमेच्या दिवशी मात्र बोरोबुदूरला मोठा सोहळा आणि तेवढीच गर्दी असते. तो हवा की टाळायचा, ते तारीख पाहून ठरवा.

बोरोबुदूरच्या माथ्यावर आता ठरावीक लोकांनाच, ठरावीक वेळेला, वाटाड्याबरोबर सोडतात. तिकीट आधी काढावं लागतं. चढताना ते स्वतःच्या चपला देतात, दगड झिजू नये म्हणून. त्यांचं नाव ‘उपानत’. संस्कृतच्या तासाला ‘उपानह्’ चालवलेलं आठवत असेल तर तिथे एकट्याच हसाल. पायऱ्या उंच आणि खड्या आहेत. माथ्यावरचे ७२ जाळीदार स्तूप बघितलेच पाहिजेत असं स्वतःवर लादू नका. खालच्या दोन सज्ज्यांपर्यंत चढलात तरी शिल्पपटांचा मोठा भाग भेटतो, बुद्धाचा जन्म, जातककथा आणि ती प्रसिद्ध जहाजं. त्यातल्या एका जहाजावरून बांधलेली नाव २००३-०४ मध्ये समुद्रमार्गे आफ्रिकेत घानापर्यंत गेली. ती आवारातल्याच संग्रहालयात ठेवली आहे, आणि तिथे एकही पायरी अवघड नाही. पायथ्याच्या आग्नेय कोपऱ्यात आणखी एक गंमत आहे. मूळ पायथ्यावरचे १६० शिल्पपट बांधतानाच दगडांनी झाकून टाकले गेले, त्यातले काही तिथे उघडे आहेत. विषय कर्म आणि त्याचं फळ. वर न चढणाऱ्यांना ते जमिनीवरूनच वाचता येतात.

प्रंबाननला दुपार टाळा, चारच्या सुमाराला जा. शिवमंदिराच्या कठड्याच्या आतल्या बाजूला रामायण कोरलंय, प्रदक्षिणा घालत वाचायचं, आणि उरलेली कथा शेजारच्या ब्रह्मदेवाच्या मंदिरावर पुरी होते. शिवमंदिराच्या उत्तरेच्या गाभाऱ्यातल्या महिषासुरमर्दिनीला गावचे लोक रोरो जोंगरांग नावाची राजकन्या म्हणतात, एका रात्रीत हजार मूर्ती मागणारी आणि शेवटची मूर्ती स्वतःच होऊन बसलेली. उजेड उतरला की तिथेच थांबा. कोरड्या महिन्यांत मंदिरं मागे ठेवून उघड्यावर रामायण नृत्यनाट्य होतं, १९६१ पासून चालू आहे. संवाद नाहीत, सगळं नाचातून आणि गामेलानमधून. नाचणारे बहुतेक मुसलमान.

खाण्याचं. जोग्जाचा मानाचा पदार्थ गुदेग, म्हणजे फणसाची कुयरी नारळाच्या दुधात माडाच्या गुळाबरोबर तासन्‌तास शिजवलेली. ऐकून तुम्ही खूश झाला असाल, पण थांबा. सोबत अंडं, कोंबडी आणि क्रेचेक येतं, ते गाई-म्हशीचं कातडं असतं, आणि भाजीही कधी कधी कोंबडीबरोबरच शिजते. नुसता फणस मिळेल का आणि तो कशात शिजवलाय, दोन्ही विचारा. खरी अडचण तेरासीची आहे, कोळंबीच्या वाटणाची. ती चटण्यांत दिसत नाही आणि कुरडयांसारखे दिसणारे क्रुपुकही बहुधा कोळंबीचेच. ‘तांपा तेरासी, तांपा दागिंग, तांपा इकान’, म्हणजे तेरासी, मांस, मासे नको, हे एका कागदावर लिहून दाखवत जा. तेंपे म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या, तोफू आणि शेंगदाण्याच्या चटणीतल्या भाज्यांवर पाच दिवस आरामात निघतात. दाण्याचा कूट आणि मेतकूट घेऊन जाल ते परत आणाल.

जोग्जाच्या मालिओबोरो रस्त्यावर एखादा गोड बोलणारा माणूस सांगेल की विद्यार्थ्यांच्या बातिक चित्रांच्या प्रदर्शनाचा आज शेवटचा दिवस आहे. तो शेवटचा दिवस रोजच असतो. हसून ‘मातुर नुवुन’, म्हणजे धन्यवाद, म्हणा आणि पुढे चला. कापड घेताना उलटून पाहा, हाताने मेण लावलेल्या बातिकची दुसरी बाजूही जवळजवळ तितकीच ठसठशीत असते, छापील कापडाची फिकट. वस्तू आणि पैसे उजव्या हाताने द्या, आवाज खाली ठेवा. वडीलधाऱ्या बाईला ‘बू’ म्हणतात, तुम्हालाही म्हणतील. आपल्या अहो-अरेपेक्षा तिथल्या भाषेच्या पायऱ्या कितीतरी जास्त आहेत, आणि तुम्ही वरच्या पायरीवर असाल.

जावयांना फोन करताना ‘विचारते आहे’ असं नको, ‘ठरवलंय’ असं बोला: “मी पाच दिवस आधी निघते, तुमच्या आठातला तो एक दिवस तुम्ही समुद्रावर घालवा, आपण बालीच्या विमानतळावर भेटू.” त्यांना कदाचित सुटल्यासारखंच वाटेल. पहाटेचं ते विमान गाठायची हौस त्यांनाही नसणार.

आणि नातवासाठी जोग्जातून चामड्याचा मारुती आणा. सपाट पुठ्ठ्यांत बांधून हातातल्या पिशवीत ठेवा, पेटीत वाकतो. तिकडचा अनोमान पांढराशुभ्र असतो. शेंदूर कुठे गेला असं नातू विचारील, तेव्हा काय सांगायचं ते तोवर तुम्हाला सुचलेलं असेल.